पोटगी आणि वाटा

दासगणू महाराजांनी 1939 साली लिहिलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात बाळापूरचा एक प्रसंग आहे. गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या बैठकीसमोर, भर रहदारीत, गजानन महाराज दिगंबर अवस्थेत आपल्याच तंद्रीत बसले असताना, तेथून जाणाऱ्या एका पोलीस हवालदाराला ते दृश्य सभ्यतेचा आणि सरकारी शिस्तीचा भंग वाटले, आणि त्याने महाराजांना मारहाण केली. ग्रंथकाराचा रोख उघड आहे. संताच्या अंगावर हात टाकणाऱ्याचे पुढे काय होते हे त्यांना भाविकांच्या मनावर ठसवायचे आहे, आणि त्या हवालदाराची पुढली गती त्यांनी त्याच हेतूने सांगितली आहे. माझे मन मात्र त्या कथेच्या फलश्रुतीपर्यंत न पोचता अलीकडेच, मारहाणीपाशी, अडून राहते. हवालदाराचा अपराध नेमका कोणता? त्याने संताला मारले हा, की कोणाचेही काही न बिघडवणाऱ्या, आपल्या जागी स्वस्थ बसलेल्या माणसाला मारले हा? तो माणूस संत नसता, खरोखरच बुद्धीने अधू असा एखादा अनामिक असता, तर ती मारहाण रास्त ठरली असती काय?

हा प्रश्न केवळ तार्किक कुतूहलाचा नाही. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या तटाखाली वसलेल्या या गावात, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री जेथून दिसते त्याच रस्त्यांवर, आजही एखादे सहा वर्षांचे मूल असे असू शकते, की नावाने हाक मारली तरी ते वळून पाहत नाही. बाटल्यांची झाकणे तासन् तास एका ओळीत मांडते आणि ओळ कोणी मोडली तर आकांत करते. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून भिंतीला डोके आपटते. अंगावरचा सदरा टोचतो म्हणून तो चारचौघांत काढून टाकते. आणि ऐकलेले एकच वाक्य, कोणाला उद्देशून नव्हे, दिवसभर घोळवत राहते. वैद्यक याला स्वमग्नता म्हणते. शेजारीपाजारी मात्र दोन तऱ्हेने बोलतात. एक म्हणतो, ‘‘याले दोन ठेवून द्या, मंग पाहा कसं सुधरते ते.’’ दुसरी बाई पदर सावरून म्हणते, ‘‘देवाचं लेकरू हाय बाई, त्याले काही म्हनू नका.’’ पहिल्यात हवालदार बोलत असतो, दुसरीत भक्त. आणि त्या मुलाची माय दोघांचेही ऐकून घेऊन घरात निघून जाते, कारण दोघांपैकी कोणीही, या मुलाला काय शिकवायचे, कसे शिकवायचे आणि शिकवण्याचा आपल्याला अधिकार तरी कितपत आहे, या तिच्या मनातल्या प्रश्नाला हातच लावलेला नसतो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. संतचरित्रांना वैद्यकीय निदाने चिकटवण्याचा उद्योग मला अरसिकपणाचा वाटतो. ऊटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1989 च्या आपल्या ग्रंथात रशियातील ‘ईश्वरवेड्या’ साधूंच्या जुन्या कथांत स्वमग्नतेच्या खुणा शोधल्या आहेत. तशा त्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळांतही कोणी शोधील आणि स्वतःवर खूष होईल. मला त्या लीळांत कुतूहल वाटते ते प्रभूंच्या भोवतालच्या माणसांविषयी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस जे चरित्र सिद्ध केले, त्यात हे महापुरुष कोणाच्याही घरात शिरतात, वाटेल तेव्हा हसतात, रागावतात, खेळतात, मागचापुढचा संबंध नसलेले काही करतात. आणि रिद्धपूरचे लोक त्यांना वेडे म्हणत म्हणतच आपली दारे उघडी ठेवतात, त्यांना माय म्हणतात, बापही म्हणतात. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच अमरावती प्रांतातल्या एका गावाने एका माणसाच्या विलक्षण वागणुकीभोवती आपला दिनक्रम थोडासा वाकवून घेतला होता, एवढे तरी त्या पोथीवरून निःसंशय दिसते. मात्र गावाने हे केले ते त्यांना ईश्वर मानून, किंवा निदान ईश्वर असण्याचा संभव मनात धरून. आणि हीच अट मला खुपते.

ही अट आपल्या परंपरेत किती खोल गेली आहे ते जडभरताच्या आख्यानावरून ध्यानी येते. भागवताच्या पंचम स्कंधातला हा ब्राह्मणपुत्र पूर्वजन्मीचे स्मरण असल्यामुळे संगदोषाला भिऊन जगात जडासारखा, मुक्यासारखा, वेड्यासारखा वावरतो. बाप त्याच्यावर जिवापाड प्रेम करतो, त्याची मुंज लावतो, वसंत आणि ग्रीष्म असे चार महिने त्याला गायत्री शिकवण्यात घालवतो, आणि ती त्याच्याकडून धडपणे पाठ होत नाही. ‘मुलाला शिकवणे हे बापाचे कर्तव्यच’ या हट्टाने तो बिचारा झटत राहतो आणि तसाच एके दिवशी मरून जातो. बाप गेल्यावर भाऊ त्याचा नाद सोडतात. कोणी धरून नेले तर वेठीला राबावे, शेत राखावे, कोंडा-करपलेले जे पुढ्यात येईल ते खावे, असा त्याचा क्रम सुरू होतो. पुढे रहूगण राजाच्या पालखीला त्याला जुंपतात, पायाखालचे जीव वाचवत तो चालतो म्हणून पालखी हिंदकळते, राजा खवळून टोमणे मारतो, आणि तेव्हा हा जन्माचा मुका तोंड उघडतो आणि असे वेदान्तज्ञान सांगतो की राजा पालखीतून उतरून त्याच्या पायांवर लोटांगण घालतो.

कथा म्हणून हे आख्यान अप्रतिम आहे. तरीही अशा मुलाच्या बापाच्या जागी बसून ते वाचले, म्हणजे त्यातली एक निष्ठुरता जाणवते. जडभरत बोलला म्हणून राजा पालखीतून उतरला. तो न बोलता तर? त्याच्या अंतरात ब्रह्मज्ञान नसून केवळ एक साधासुधा, भेदरलेला, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारा जीव असता, तर पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावरून कोणत्या श्लोकाने उतरवला असता? आपण मौनाला मान देतो तो मागाहून त्याच्या पोटी काही अलौकिक निघते म्हणून. आधुनिक काळानेही हे आख्यान टाकलेले नाही, फक्त वेष बदलला आहे. 1988 च्या ‘रेन मॅन’ चित्रपटापासून स्वमग्न माणसाच्या ठिकाणी अचाट स्मरणशक्ती किंवा गणिती प्रतिभा असलीच पाहिजे, अशी लोकांची समजूत होऊन बसली. पुढे 1990 नंतर अमेरिकेत न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकफलकावर अक्षरे दाबवून घेण्याची एक पद्धत फोफावली, मुले एकाएकी कविता आणि तत्त्वचिंतन लिहू लागली, आईबापांच्या डोळ्यांना आनंदाश्रूंच्या धारा लागल्या. आणि नंतर मूल आणि हात धरणारा यांना वेगवेगळी चित्रे दाखवून परीक्षा घेतली, तेव्हा उतरलेला मजकूर हात धरणाऱ्याच्या चित्राचा निघाला. त्या माणसांनी लबाडी केली असे कोणी म्हणत नाही. त्यांनाही ठाऊक नव्हते. मुक्या मुलाच्या आत ऋषी दडलेला आहे या आशेने त्यांच्याच बोटांना वाचा फोडली होती.

आपल्या धर्मशास्त्राने अशा माणसाचे व्यवहारातले स्थान अधिक रोखठोकपणे सांगून ठेवले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा टीकेत जड, उन्मत्त, मुका इत्यादिकांना दायभागातून वगळले आहे; त्याच श्वासात, त्यांना अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, अशीही आज्ञा आहे. म्हणजे पोटगी आहे, वाटा नाही. या व्यवस्थेत दया नाही असे कोणी म्हणू नये. त्या काळच्या कित्येक समाजांपेक्षा ती पुष्कळच दयाळू होती. इंग्रजी अमदानीत 1928 च्या कायद्याने हिंदू वारसाहक्कातल्या व्यंगविषयक बऱ्याच अपात्रता दूर केल्या, पण जन्मतः वेडा किंवा जड असलेल्याला त्यातूनही वगळलेच. आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कोणत्याही रोगामुळे अगर व्यंगामुळे कोणाचा वारसा बुडणार नाही असे ठरले, तेव्हा कुठे बाळापूर तालुक्यातल्या एखाद्या काळ्या कसदार वावराच्या सातबाऱ्यावर अशा मुलाचे नाव निर्वेधपणे लागण्याची वाट मोकळी झाली. जमिनीचा वाटा कागदावर मिळाला. परंतु भाषेचा, शाळेचा, खेळाचा, गल्लीतल्या उठण्याबसण्याचा आणि आपल्या इच्छेला किंमत असण्याचा जो वाटा, तो मिळाला काय? अशा मुलांसाठीच्या सगळ्या मानसोपचारांकडे आणि शिक्षणपद्धतींकडे मी याच दृष्टीने पाहतो. पद्धतीचे नाव काही असो, ती या मुलाला चांगली पोटगी मिळवून देते, की त्याचा वाटा त्याच्या हाती देते, हे मला पाहायचे असते.

त्यापूर्वी एका जुन्या खटल्याचा निकाल लावला पाहिजे, कारण तो प्रत्येक घरात आजही रुजू आहे. मूल असे का झाले? आपल्याकडे उत्तर तयार असते: पूर्वसंचित. कोणाचे, हे मोघम ठेवण्याची सोय त्यात आहे, म्हणून ते हळूहळू आईच्या अंगावर येते. गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल, कोणाचे काही खाल्ले असेल, कुळाचार चुकला असेल. ही अंधश्रद्धा केवळ खेड्यातली आहे अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी पाश्चात्त्य मानसशास्त्राचा इतिहास चाळावा. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये बाल्टिमोर येथे अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध करून या अवस्थेला नाव दिले. आणि पुढची पंचवीस वर्षे तेथली विद्वान मंडळी शांतपणे सांगत होती, की आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल असे गोठून आत जाते. ब्रूनो बेटलहाइम यांचे 1967 चे गाजलेले पुस्तक याच सिद्धान्तावर उभे होते. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा एका मुलाचे वडील; त्यांनी 1964 मध्येच हा दोषारोप पुराव्यानिशी खोडून मेंदूच्या जडणघडणीकडे लक्ष वेधले होते. आज आनुवंशिकता हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते, आणि आईच्या वागणुकीशी त्याचा संबंध नाही हे निर्विवाद आहे. व्हिएन्नाहून आलेल्या बेटलहाइम पंडिताचे आणि ग्रहणाचा हिशेब विचारणाऱ्या आत्याबाईचे एका मुद्द्यावर पूर्ण मतैक्य असावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. दुःखाचे कारण सापडत नसले म्हणजे आरोपी सापडला तरी माणसाला बरे वाटते. कर्मसिद्धान्ताविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की तो ज्याने त्याने स्वतःपुरता लावावा. आपल्या वाट्याला आलेले सोसताना त्याचा आधार होतो. दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवताना तो वापरला, की ती केवळ चहाडी होते.

आता शिक्षणाविषयी. न बोलणाऱ्या मुलाला शिकवण्याचा शास्त्रशुद्ध म्हणता येईल असा पहिला नामांकित प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. आवेरों प्रांतातल्या रानात 1800 च्या सुमारास सापडलेल्या, जेमतेम बारा वर्षांच्या मुलाला इतार नावाच्या तरुण डॉक्टरने हाती धरले, व्हिक्टर हे नाव दिले आणि काही वर्षे त्याच्यावर विलक्षण चिकाटीने मेहनत घेतली. हा मुलगा स्वमग्न असावा असे फ्रिथ यांचे मत आहे. तो दोनचार शब्दांपलीकडे बोलला नाही, आणि इतार यांनी ही आपली हार समजून हात आखडता घेतला. मादाम गेरँ नावाच्या बाईने मात्र सरकारी मुशाहिऱ्यावर त्याला 1828 मध्ये तो मरेपर्यंत आपल्या घरी सांभाळले. पण विद्येचा मार्ग कसा वळणावळणाचा असतो पाहा. इतार यांचा शिष्य सेगँ. त्या दोघांच्या लेखनावरून आणि साधनांवरून मारिया माँटेसोरी यांनी रोममध्ये आधी मंदबुद्धी मुलांना शिकवले आणि मग 1907 मध्ये बालगृह काढले. आणि काही काळ अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या साथीने 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापून तीच दृष्टी आपल्याकडे रुजवली. धडधाकट मुलांच्या बालवाडीतले रंगीत ठोकळे, खरखरीत अक्षरे, मुलाच्या हातापासून सुरू होणारे शिक्षण, हे सारे एका मुक्या मुलाच्या ‘अयशस्वी’ शिकवणीचे देणे आहे. पोटगीदार समजलेल्याने येथे सर्वांच्याच वाट्यात भर घातली.

1987 मध्ये लोवास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला, आणि स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचे सगळे चित्र पालटले. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे किंवा अधिक, वागणुकीचे बारीक तुकडे करून, बक्षिसाने आणि सरावाने शिकवले असता त्यातली नऊ मुले सामान्य शाळेत सामान्य मुलांसारखी चालू लागली, असा त्याचा दावा होता. गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे आकड्यांबद्दल वाद राहिला; पण ‘या मुलांना काहीच शिकवता येत नाही’ ही हताश समजूत त्याने मोडली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तो शिकवताना ओरडून ‘नाही’ म्हणणे आणि कधी मांडीवर चापट मारणेही त्या पद्धतीत बसत होते, आणि त्याआधीच्या काळात त्याच्या प्रयोगशाळेत विजेचे झटकेसुद्धा दिले गेले होते, हेही तितकेच खरे. बाळापूरचा हवालदार येथे पांढरा अंगरखा घालून हजर झालेला दिसतो. शिक्षा आज बव्हंशी गेली आहे. त्याहून सूक्ष्म प्रश्न मात्र शिल्लक आहे: मूल ‘इतरांसारखे दिसावे’ हे साध्य धरून त्याचे हात फडफडवणे थांबवणे, डोळ्याला डोळा भिडवायला लावणे, यात फिर्याद कोणाची असते? मुलाला त्या फडफडण्याने काही इजा नसते, उलट त्याने त्याचे मन शांत होत असते. फिर्यादी आपण असतो, पाहणारे, आणि न्यायासनावरही आपणच बसलेले असतो. अशा शिक्षणातून गेलेली, आता प्रौढ झालेली कित्येक स्वमग्न माणसे स्वतःच ही हरकत नोंदवीत आहेत.

त्याच परंपरेतून निघालेला एक शोध मला फार मोलाचा वाटतो. कार आणि ड्युरँड या दोघांनी 1985 मध्ये असे दाखवले, की मुले ज्याला आपण आक्रस्ताळेपणा म्हणतो तो पुष्कळदा काही मिळवण्यासाठी किंवा काही टाळण्यासाठी करतात, आणि तीच गोष्ट मागण्याचा सुटसुटीत मार्ग त्यांना शिकवला तर आकांत आपोआप ओसरतो. त्याच वर्षी बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी चित्रपत्रांची पद्धत आखली. मुलाने पाण्याचे चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यावे आणि समोरच्याने लगेच पाणी द्यावे, येथून तिची सुरुवात होते. या अनुषंगाने मी माझे मत स्पष्टच सांगतो: अशा मुलाला शिकवायची पहिली विद्या ‘नको’ ही असली पाहिजे. नमस्कार कर, नाव सांग, पाढे म्हण, या सर्व आज्ञा पाळणारे मूल आपल्याला गोड वाटते, पण ज्याला केवळ ‘हो’ शिकवले आहे ते मूल जगातल्या कोणाच्याही हाती निमूट सापडते. ‘नको’ म्हणता येणे हे हिस्सेदाराचे लक्षण आहे. पोटगीदाराला पुढ्यातले गिळावेच लागते. जडभरताने कोंडा-करपलेले निमूट खाल्ले याला भागवतकार वैराग्य म्हणतात, आणि त्याच्या बाबतीत ते असेलही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तसे गृहीत धरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला, मिसिसिपीतला डोनाल्ड ट्रिपलेट, याची हकीकत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मुद्दाम ऐकवावी अशी आहे. आईबापांनी त्याला काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. ही माणसे मानसशास्त्र शिकलेली नव्हती. पोराला मोजण्याचे वेड आहे असे पाहून त्यांनी त्याला विहीर खणायला लावले आणि खोली मोजून सांगायला सांगितले. मक्याची तासे मोजण्याचा छंद पाहून नांगर चालवता चालवता तास मोजू दिले. वेड काढून टाकण्याऐवजी त्यालाच त्यांनी कामाला लावले. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी करून आपल्या तऱ्हेने जगला आणि 2023 मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. बँक त्याच्या आजोळच्या कुटुंबाची होती, हे सांगितलेच पाहिजे. प्रत्येकाच्या आजोळी बँक नसते.

बाळापूरच्या त्या मायेचे माहेर बहुधा पातूर-पारसकडल्या एखाद्या कोरडवाहू वावरावर असणार. तपासणीसाठी तिला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर अकोल्याला जावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतच मुलांची पाहणी करून संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे रवाना करण्याची तजवीज आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 1995 च्या यादीत नसलेली स्वमग्नता मान्य दिव्यांगत्वांत घातली आणि चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाला तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दाखला, दरखास्त, फेरतपासणी, आणि कारकुनाच्या मेजावरची मुदत, यांतून वाट काढीत मूल सात वर्षांचे होते. आठवड्याला चाळीस तास देणारा तज्ज्ञ अकोल्याला शोधावा लागतो आणि परवडावा लागतो. बाळापुरात तो कुठून येणार?

या अडचणीला एक उत्तर गोव्यातून मिळाले आहे. ‘संगथ’ या संस्थेने ब्रिटिश संशोधकांच्या सहकार्याने, गोव्यात आणि सीमेपलीकडे रावळपिंडीत एकाच वेळी, दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांच्या कुटुंबांवर एक प्रयोग केला. त्याचे फलित 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. शिकवणाऱ्या व्यक्ती डॉक्टर नव्हत्या, विशेष शिक्षकही नव्हत्या. थोडक्या दिवसांत तयार केलेल्या, त्याच मुलखातल्या सामान्य कार्यकर्त्या होत्या. पंधरवड्यातून एकदा घरी जायचे, आई आणि मूल खेळत असल्याचे चित्रण करायचे, आणि मग आईच्या शेजारी बसून तेच तिला दाखवायचे: पाहा, येथे त्याने झाकण तुमच्याकडे सरकवले होते, तुम्ही पुढचा प्रश्न विचारण्याच्या घाईत होता. सहा महिन्यांत आई मुलाच्या लयीत अधिक मिसळू लागली आणि मूल आपणहून अधिक वेळा तिच्याकडे वळू लागले. एकाच गोष्टीवर दोघांचे लक्ष जडण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि संशोधकांनी तेही लपवले नाही. येथे बदलायला सांगितले आहे ते आधी आईला, मुलाला नव्हे. तिच्यावर दोष ठेवून नव्हे, तर तिच्या पाहण्याला धार लावून. बेटलहाइमने जिला आरोपी केले होते तीच येथे गुरू झालेली आहे.

शिवाय हे ज्ञान त्या घराच्या बोलीत जाते. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी, महानुभाव पंथातील ग्रंथरचना संस्कृतात करू पाहणाऱ्या केशिराजबासांना मना केले होते, कारण त्यामुळे साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका श्रवणाला मुकल्या असत्या. वऱ्हाडच्या मातीत वाढलेल्या या पंथाने मोक्षशास्त्रासाठी जी अट घातली तीच बालमानसशास्त्राला घालायला हरकत नाही. मुलाशी इंग्रजीतच बोला, दोन भाषांनी ते गोंधळेल, असा सल्ला शहरांतून सर्रास दिला जातो. संशोधनाला असे काही नुकसान आढळलेले नाही. आणि ज्या गावात एका आळीत वऱ्हाडी आणि दुसऱ्या आळीत उर्दू बोलली जाते, तेथे मुलाला त्याच्या आईच्या अंगाईची भाषा नाकारणे म्हणजे त्याच्या वाट्याचा आणखी एक तुकडा कापून घेणे होय.

आईबाप गेल्यावर काय, या प्रश्नापाशी मात्र सगळ्या पद्धती मुक्या होतात. अचलपूर तालुक्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे घर उभे केले आणि त्यांतल्या 123 जणांच्या नावापुढे बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहातून मुलाने बाहेर पडावे हा सरकारी शिरस्ता अशा मुलांना लागू करू नये, यासाठी ते वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. आडनाव देणे हे पोटगीच्या पलीकडचे कृत्य आहे. तेथे दायभागाचा दरवाजाच उघडतो. तरीही एका माणसाच्या आडनावावर जिल्ह्याने किती भार टाकावा?

राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे. त्याअन्वये जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीला पालक नेमून देते. 2016 चा कायदा आणखी पुढे जातो आणि म्हणतो, की पालकाने निर्णय एकट्याने करू नये, त्या व्यक्तीसह, तिची इच्छा जाणून करावा. इच्छा जाणायची कशी, असे तहसील कचेरीत कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे; समोरचा तरुण बोलत नाही, विचारले तर खिडकीच्या गजाकडे पाहतो. परंतु याही बाबतीत कायदा आपल्या समजुतीपेक्षा वडीलधारा निघतो. ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याने आपले म्हणणे लिहून, खुणेने, किंवा ज्या कोणत्या रीतीने ते समजण्याजोगे होईल त्या रीतीने सांगावे, न्यायालयाने ते नोंदवून घ्यावे, आणि ती तोंडी साक्षच समजावी, असे 1872 च्या पुरावा कायद्यातच लिहिलेले होते, आणि त्याच्या जागी 2023 मध्ये आलेल्या नव्या अधिनियमानेही ते तसेच ठेवले आहे. तेव्हा सहाव्या वर्षी ज्याला ‘नको’चे चित्रपत्र उचलायला शिकवले होते, त्याने अठराव्या वर्षी समितीसमोर एखाद्या चुलत्याच्या नावावर तेच पत्र ठेवले, तर ते मिसलीत दाखल करून घेण्यास कारकुनाला कोणतीही कायदेशीर अडचण नाही.